गुलाब 30, व्हिटॅमिन सी 41: पाकळ्यांच्या अर्काच्या एका अहवालाची उलटतपासणी

पुण्यात धायरीला एक बाई साबण आणि फेस जेल बनवतात. छोटा उद्योग आहे, रीतसर परवाना आहे, हाताखाली दोघीजणी. मी त्यांना ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन. त्यांची फुलं दोन ठिकाणांहून येतात. झेंडू आणि जास्वंद गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारातून. गुलाब मावळातल्या पॉलिहाऊसमधून, म्हणजे दांडी वाकडी किंवा कळी जास्त उमललेली म्हणून परदेशी न गेलेला माल. दोन्ही स्वस्त पडतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुलटेकडीला गेलेल्या माणसाला झेंडू किती स्वस्त होऊ शकतो हे सांगावं लागत नाही.

ताईंनी तिन्ही फुलांच्या पाकळ्या एका खासगी प्रयोगशाळेत दिल्या होत्या, अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणाऱ्या गुणाच्या, तपासणीसाठी. अहवाल आला तो तीन पानांचा, शिक्क्यासह. त्यातल्या एका तक्त्यावर सगळा खेळ होता. आयसी-50 या रकान्यात गुलाबासमोर 30, जास्वंदीसमोर त्याहून बराच मोठा आकडा, झेंडू सगळ्यात शेवटी, आणि तुलनेसाठी घेतलेल्या व्हिटॅमिन सी समोर 41. एकक सगळीकडे मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर. आयसी-50 म्हणजे ठरावीक काम निम्मं करायला लागणारं प्रमाण, त्यामुळे आकडा जितका लहान तितका पदार्थ जोरदार. ताईंनी त्यातून काढलेला अर्थ सरळ होता: आपला गुलाब व्हिटॅमिन सीच्या पुढे. जेलच्या डबीचं लेबल डिझायनरकडे गेलेलं होतं, त्यावर हेच वाक्य मोठ्या अक्षरात. आणि झेंडू बंद करायचा विचार चालू होता.

"सर, छापायच्या आधी एकदा नजर टाका," एवढंच त्यांचं म्हणणं.

नजर टाकली आणि 41 वर अडकली.

हा आकडा तिथे काय करतोय

ही तपासणी डीपीपीएच नावाच्या एका जांभळ्या रसायनावर चालते. 1958 साली ब्लॉइस यांनी ही पद्धत मांडली आणि ती आजही सगळीकडे वापरतात, कारण स्वस्त आहे आणि डोळ्यांना दिसते. डीपीपीएचच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. कुणी त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरतो आणि द्रावण पिवळं पडतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, 517 नॅनोमीटरच्या प्रकाशाला लावून रंग किती उतरला ते मोजायचं.

व्हिटॅमिन सी, म्हणजे एस्कॉर्बिक अॅसिड, या परीक्षेत फार सरळ वागतं. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो. त्यामुळे त्याचा आयसी-50 प्रयोग न करताही कागदावर काढता येतो. अहवालातच पद्धत दिली होती: 0.1 मिलिमोलर (म्हणजे 100 मायक्रोमोलर) डीपीपीएच 2.7 मिलिलीटर, त्यात नमुना 0.3 मिलिलीटर. एकूण 3 मिलिलीटर झाल्यावर डीपीपीएच उरतं 90 मायक्रोमोलर. त्याचं निम्मं 45. ते विझवायला एस्कॉर्बिक अॅसिड लागेल त्याच्या निम्मं, साडेबावीस मायक्रोमोलर. रेणुभार 176 धरला की उत्तर येतं एका मिलिलीटरला सुमारे 4 मायक्रोग्रॅम.

अहवालात 41.

दहापट फरक दिसला की रसायनशास्त्रातला माणूस आधी चमत्कार शोधत नाही, पातळीकरण शोधतो. 0.3 मिलिलीटर 3 मिलिलीटरमध्ये गेलं म्हणजे बरोबर दहापट पातळ झालं. व्हिटॅमिन सी चा आकडा बाटलीतल्या मूळ द्रावणाचा लिहिला गेला होता, आणि गुलाबाचा क्युव्हेटमधल्या, म्हणजे यंत्रात ठेवायच्या छोट्या नळीतल्या, अंतिम मिश्रणाचा. प्रयोगशाळेकडून कच्ची रीडिंग मागवली तेव्हा तेच निघालं. स्टँडर्डचा, म्हणजे तुलनेच्या व्हिटॅमिन सी चा, ग्राफ एका हाताने काढलेला, नमुन्यांचा दुसऱ्या हाताने, आणि तक्ता भरणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवले. खोटेपणा कुणी केला नव्हता, पण लेबल मात्र खोटं ठरणार होतं. एकाच मापाने मोजलं तर गुलाब 30 आणि व्हिटॅमिन सी 4.1. म्हणजे गुलाबाचा अर्क सातपट कमजोर.

ताईंचा चेहरा पडला, हे कबूल करायला हवं. मी म्हटलं, अहो, पाकळीच्या कच्च्या अर्कात साखर आहे, डिंकासारखे पदार्थ आहेत, क्षार आहेत. समोर आहे बाटलीतलं शुद्ध रसायन. त्याच्या सातपट मागे राहणं हे वाईट नाही, उलट चांगलंच आहे. फक्त ते लेबलवर छापण्याजोगं वाक्य नाही.

लाल रंगाची लुडबुड

कच्ची रीडिंग हातात आलीच होती म्हणून पुढे पाहिलं. गुलाबाच्या अर्काला स्वतःचा रंग आहे. तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, गुलाबात मुख्यतः सायनिडिनचा, दोन ग्लुकोज लागलेला. प्रयोगशाळेने पाकळ्या मिथेनॉलमध्ये थोडं सायट्रिक अॅसिड घालून भिजवल्या होत्या, रंग छान उतरावा म्हणून. आम्लात हे अँथोसायनिन लालभडक होतं आणि प्रकाश शोषतं तो 520 नॅनोमीटरच्या आसपास. आणि आपण मोजतोय 517 ला. म्हणजे डीपीपीएचचा जांभळा उतरला तरी गुलाबाचा लाल तिथेच बसलेला. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही.

उपाय साधा आहे: तेवढाच अर्क नुसत्या मिथेनॉलमध्ये घालून त्याचं रीडिंग घ्यायचं आणि वजा करायचं. नमुन्याचा ब्लँक. समजा डीपीपीएचचं मूळ रीडिंग 1.00 आहे, अर्क घातल्यावर 0.55 आलं. वरवर पाहता 45 टक्के काम झालं. पण अर्काचा स्वतःचा रंग 0.15 असेल तर खरं उरलेलं डीपीपीएच 0.40 आणि काम झालं 60 टक्के. या अहवालात ब्लँक घेतलेलाच नव्हता. म्हणजे इथे चूक गुलाबाच्या विरुद्ध गेली होती. पहिल्या चुकीने त्याला डोक्यावर बसवलं, दुसरीने खाली ओढलं.

तपासणी पुन्हा करवली, यावेळी ब्लँकसह आणि व्हिटॅमिन सी चं द्रावण त्याच सकाळी ताजं बनवून. हा ताजेपणाचा मुद्दा नखरा नाही. एस्कॉर्बिक अॅसिड पाण्यात विरघळवून ठेवलं, त्यात तांब्याचा किंवा लोखंडाचा अंश आला, की ते काही तासांत हवेने खराब व्हायला लागतं. काल केलेलं स्टँडर्ड आज वापरलं तर तुलनेतला पहिलवानच आजारी, मग समोरचा कुणीही जिंकतो. नव्या तपासणीत व्हिटॅमिन सी 4 च्या आसपासच आलं, कागदावरच्या गणिताशी जुळणारं. गुलाब 30 वरून 24 वर सुधारला. सहापट मागे.

आणखी एक मेख इथे असते, वेळेची. व्हिटॅमिन सी चं काम मिनिटभरात उरकतं. गुलाबातली गॅलिक अॅसिडच्या जातीची टॅनिनं आणि क्वेर्सेटिन, केम्फेरॉल यांचे साखर लागलेले रेणू सावकाश चालतात. अर्ध्या तासाला रीडिंग घ्यायचा रिवाज आहे, पण अर्ध्या तासानंतरही गुलाबाच्या क्युव्हेटमध्ये रंग उतरत असतो. दहा मिनिटांनी मोजलं तर गुलाब मठ्ठ, तासाभराने मोजलं तर हुशार. वेळ न लिहिता दिलेला आयसी-50 मी तरी वाचत नाही.

अहवालात 'एकूण फिनॉल' असा एक रकानाही होता, फोलिन पद्धतीचा. तो निळ्या रंगावर चालतो आणि 765 ला मोजतात. त्यात फिनॉलच मोजले जातात असा समज आहे. साखर, व्हिटॅमिन सी, काही प्रथिनं, सगळेच त्यात हात धुऊन घेतात. पाकळीत साखर असतेच. या रकान्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

झेंडू शेवटी का आला

मला स्वतःला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे ताई एक चांगला माल टाकून द्यायला निघाल्या होत्या.

पद्धत ठरवून देणाऱ्याने तिन्ही फुलांना एकच न्याय लावला: पाणी मिसळलेलं मिथेनॉल. त्यात गुलाबाचे आणि जास्वंदीचे रंग उतरतात, कारण ते पाण्यात विरघळणाऱ्या जातीचे. झेंडूचा केशरी रंग ल्युटीनचा, आणि फुलात तो मेदाम्लांना जोडलेल्या रूपात असतो. त्याला तेल किंवा हेक्झेनसारखं मेद विरघळवणारं रसायन लागतं. मिथेनॉलच्या पाण्यात फक्त झेंडूतले क्वेर्सेटॅजेटिनसारखे फ्लेव्होनॉल येतात. ताई नमुने द्यायला गेल्या होत्या तेव्हा त्यांनी तिथे गाळणीवरचा चोथा पाहिला होता. "सर, गुलाबाचा चोथा पांढरट झाला होता आणि झेंडूचा तसाच केशरी. तेव्हाच मला वाटलं, हे काहीतरी राहिलंय." अगदी बरोबर. तपासला गेला तो झेंडू उणे त्याचा मुख्य माल.

आणि ल्युटीन काढून डीपीपीएचसमोर उभं केलं असतं तरी ते फार चमकलं नसतं. ल्युटीनची गुणवत्ता इलेक्ट्रॉन देण्याच्या शर्यतीत दिसत नाही. डोळ्याच्या पडद्यावर जो पिवळा ठिपका असतो त्यात ल्युटीन आणि झियाझँथिन साठतात, निळा प्रकाश गाळतात. अमेरिकेत वय वाढल्यावर होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकारावर एक मोठी चाचणी झाली, एआरईडीएस-2 नावाची, 2013 साली निष्कर्ष आले. त्यातल्या गोळीत रोज 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन होतं, आणि आधीच्या सूत्रातल्या बीटा-कॅरोटीनच्या जागी ही जोडी घेणं योग्य ठरलं. बीटा-कॅरोटीन काढण्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. ते स्वतः अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजलेलं, पण नव्वदीच्या दशकात फिनलंड आणि अमेरिकेतल्या चाचण्यांत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्या सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. क्युव्हेटमधली हुशारी शरीरात उलटी पडू शकते, त्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. बाजारात मिळणारं ल्युटीन मात्र बहुतेक झेंडूतूनच काढतात, त्यासाठी लागवड केलेल्या झेंडूतून.

अर्थात धायरीत बसून हेक्झेन वापरायचं नाही, आणि ल्युटीनच्या गोळ्या ताईंना करायच्याही नाहीत. पण तक्त्यात शेवटचा नंबर पाहून पोती परत पाठवणं चूक होतं.

साबणात आणि जेलमध्ये काय होतं

अर्क तपासून घेतला, पण विकायचं आहे जेल आणि साबण. मी ताईंना सांगितलं, ज्या डबीवर दावा छापायचा ती डबी तपासा.

साबण आधी घेऊ, तो प्रश्न लवकर सुटला. कॉस्टिक घालून बनवलेल्या साबणाचा पीएच 9-10 असतो. अँथोसायनिनला अल्कली चालत नाही. आधी निळसर, मग करडं, मग तपकिरी. ताईंच्या कपाटात गुलाबपाकळ्या घातलेल्या वड्या होत्याच. पाकळी वाळक्या चहापत्तीच्या रंगाची झाली होती आणि तिच्याभोवती वडीत तपकिरी डाग पसरला होता. शेजारची झेंडूची वडी केली त्या दिवसासारखी पिवळी. अल्कली ल्युटीनची मेदाम्लं सोडवते, रंगाला हात लावत नाही. म्हणजे अहवालातला पहिला नंबर साबणात नापास, शेवटचा पास.

इथे मी लगेच पुढचं सांगितलं, कारण झेंडूच्या बाबतीत घाई नडते. इंटरनेटवर कॅलेंड्युलाचे जे गुण वाचायला मिळतात ते आपल्या झेंडूचे नाहीत. ती वेगळी वनस्पती आहे. आपला झेंडू टॅजेटस वंशाचा. त्यात थायोफीन जातीची संयुगं असतात, आणि त्यातलं अल्फा-टरथायेनिल त्वचेवर असताना ऊन पडलं तर त्वचेला त्रास देऊ शकतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये टॅजेटसच्या अर्कांवर आणि तेलांवर सौंदर्यप्रसाधनांत कडक निर्बंध आणले ते याच कारणाने. तेव्हा चेहऱ्यावर लावून ठेवायच्या जेलमध्ये झेंडूचा अर्क नको. धुऊन जाणाऱ्या साबणात नुसत्या वाळक्या पाकळ्या दिसण्यापुरत्या असल्या तरी माझं मत सावधच आहे, आणि ताईंनीही शेवटी त्या कमी केल्या.

जेलचं दुखणं निराळं. ताई जेल घट्ट करायला कार्बोमर वापरत होत्या. कार्बोमर घट्ट व्हायला पीएच वर न्यावा लागतो, 6 च्या आसपास. तिथे अँथोसायनिनचा लाल टिकत नाही. फिका पडतो, जांभळट होतो, आणि काही दिवसांत मळकट. नव्या डबीतलं गुलाबी जेल महिन्याने पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसायचं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, खराब झालं का हो? रंग गेला म्हणजे सगळा गुणही गेला असं नसतं, पण त्याच दिशेने जात असतो. आम्ही दोन बदल केले. घट्टपणासाठी हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज घेतलं, ते आम्लातही काम करतं, आणि पीएच सव्वाचारच्या आसपास ठेवला. रंग फिकाच राहिला, पण स्थिर राहिला. डबी पारदर्शक होती ती अपारदर्शक केली. पाकळीच्या अर्कात साखर असल्याने बुरशीला मेजवानी असते, म्हणून संरक्षक द्रव्याचं प्रमाण त्या पीएचला तपासून घेतलं.

मग गणित. जेलमध्ये सुकवलेला अर्क 1 टक्का. गुलाबाचा अर्क व्हिटॅमिन सीच्या सहापट कमजोर, म्हणजे डीपीपीएचपुरतं बोलायचं तर जेलमध्ये 0.17 टक्के व्हिटॅमिन सी इतकंच बळ. तेही पहिल्या दिवशी. आणि जेल त्वचेत काय करतं याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. ताईंनी हा आकडा वहीत लिहून घेतला आणि डिझायनरला फोन लावला.

फूल कुठून येतं

या मुद्द्यावर आमचं थोडं वाजलं. गणेशोत्सवात नदीकाठच्या घाटांवर निर्माल्य वेगळं गोळा होतं, ते फुकट मिळेल, अशी ताईंची एक कल्पना होती. मी साफ नाही म्हटलं. निर्माल्यात हळद-कुंकू, अष्टगंध, चमकी, दोरा, तेल, काय काय असतं. त्याचं खत व्हावं, तेच त्याचं चांगलं ठिकाण. कुंकवातला रंग कुठला हे कुणी सांगू शकत नाही, आणि तो डीपीपीएचमध्ये काय दिवे लावेल तेही नाही.

पॉलिहाऊसचा गुलाब स्वच्छ दिसतो, म्हणून तो सुरक्षित असं नाही. तो दिसण्यासाठी वाढवलेला माल आहे, खाण्यासाठी किंवा चेहऱ्यावर लावण्यासाठी नाही. भुरी, कोळी, फुलकिडे यांच्यासाठी त्यावर नियमित फवारण्या होतात, आणि मिथेनॉल फिनॉल ओढतं तसं कीटकनाशकही ओढतं. कीटकनाशकाच्या अंशाची तपासणी अँटिऑक्सिडंटच्या तपासणीपेक्षा महाग पडते, म्हणून लोक ती टाळतात. ताईंनी ती केली, निकाल पाहिला, आणि जेलसाठी मावळचा गुलाब बंद करून गुलकंदासाठी लावलेला गावठी गुलाब घ्यायचं ठरवलं. तो महाग आहे, पाकळी लहान आहे, पण फवारणीचा हिशोब शेतकऱ्याला विचारता येतो.

चहाचा विषयही निघाला होता: वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि गोकर्णाचा 'अँटिऑक्सिडंट चहा'. तो दोन मिनिटांत संपला. खाण्याच्या पदार्थावर दावा करायचा तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे दाव्यांचे नियम लागतात. आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशा आकड्यांची आपली ओआरएसी यादी 2012 मध्येच काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा शरीरावरच्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता. गोकर्णाचा चहा लिंबू पिळल्यावर निळ्याचा जांभळा होतो, तेवढ्यावर तो विकला जातोच. त्याला आणखी काही चिकटवायची गरज नाही.

काय ठरलं

लेबलवरून व्हिटॅमिन सी चं वाक्य गेलं. त्याजागी 'गुलाबपाकळ्यांचा अर्क 1 टक्का' एवढंच आलं. सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांत दिशाभूल करणारा दावा चालत नाही, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माणसाने उद्या विचारलं तर या वाक्याचा हिशोब वजनकाट्यावर दाखवता येतो. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ठेवायचा का, यावर ताई अजून अडून आहेत. त्यांचं म्हणणं, बाजारात सगळे लिहितात. माझं म्हणणं, आधी सहा महिने दोन डब्या ठेवा, एक कपाटात, एक खिडकीत, दर महिन्याला जेलचंच रीडिंग घ्या, मग बोलू. डब्या ठेवल्या आहेत.

जुनी प्रयोगशाळा सुधारलेला अहवाल द्यायला तयार झाली, त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत. ताईंनी पुढच्या कामासाठी चार गोष्टी लिहून देण्याची अट घातली: नमुन्याचा ब्लँक, रीडिंगची वेळ, आकडा अंतिम मिश्रणाचा की मूळ द्रावणाचा, आणि स्टँडर्ड कधी बनवलं.

झेंडू बंद झाला नाही. त्याच्या पाकळ्या आता सावलीत सुकवून नैसर्गिक रंगाचं काम करणाऱ्या एका गटाला जातात. तुरटीची बैठक दिलेल्या सुती कापडावर त्यांचा पिवळा चांगला धरतो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ताईंचा टेम्पो पहाटे गुलटेकडीला असतो, आणि भाव करताना त्या पोत्यात हात घालून आधी फूल किती भिजलंय ते बघतात.